वही खिशात मावली पाहिजे

स्केचिंग करतो असं कळलं की लोक आधी विचारतात, "वेळ कसा काढता?" चित्रं कशी काढता, हे नंतर, पुष्कळदा ते विचारतच नाहीत. मला हा प्रश्न फार खरा वाटतो. सकाळचं पाणी, डबे, ठरलेली लोकल, ऑफिस, परतीची गर्दी, मुलांचा अभ्यास, आईचं बीपी, एवढं सगळं आवरून ज्याच्या हाती रात्री अर्धा तास उरतो, त्याने तो सरळ झोपेला द्यावा. चित्रकलेच्या नावाने कुणी तो मागायला आलं तर देऊ नये. या पुस्तकातली पहिली सूचना हीच समजा.

रेखाटनाला लागणारा वेळ आपण काढायचा नसतोच. दुसऱ्या कुणीतरी तो आधीच आपल्याकडून काढून घेतलेला असतो. बँकेत टोकन घेऊन बसलेलो असतो. डॉक्टर "येतीलच" असं सांगून कंपाउंडरला पाऊण तास झालेला असतो. मुलीचा क्लास सुटायचा असतो, एसटी फलाटाला लागायची असते, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या असतात आणि तिसरी बाकी असते. एरवी या वेळात आपण मोबाइल काढतो. तो काढण्याआधी वही काढायची, एवढंच या पुस्तकात सांगायचं आहे. बाकीची पानं ते कसं जमवायचं याची. त्यामुळे हे पुस्तक चित्रकारांसाठी लिहिलेलं नाही. नोकरदार, घर चालवणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे आणि शाळा सुटल्यावर ज्यांची चित्रकलाही सुटली असे सगळे डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

ती सुटते कशी, हे जरा बघायला हवं, कारण आपल्याकडे सुरुवात तर झकास होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रात दरवर्षी लाखो मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. चित्रकलेच्या सरांनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेला सराव. बोर्ड, पाण्याचा डबा, पोस्टर कलरच्या बाटल्या. या परीक्षांच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळू लागल्यापासून पालकांच्याही उत्साहाला भरती आली. इतकी मुलं इतकी वर्षं पेन्सिल धरतात आणि तरी तिशीतल्या माणसाला "समोरची खुर्ची काढ बरं" म्हटलं, की तो हात मागे घेतो. "माझा हात चांगला नाही हो." ज्याला इंटरमिजिएटला बी ग्रेड होती तोही हेच म्हणतो.

माझ्या मते दोष परीक्षेचा कमी आणि तिच्यातून आपण उचललेल्या समजुतीचा जास्त. परीक्षेत कागद ठरलेला, वेळ ठरलेला, शेवटी रंग भरून चित्र पुरं करायचं आणि मग कुणीतरी त्याला श्रेणी देणार. हे सगळं मनात इतकं पक्कं बसतं, की चित्र म्हणजे पुरं केलेलं, रंगवलेलं, तपासायला देता येईल असं काहीतरी, याखेरीज दुसरी कल्पनाच उरत नाही. बसस्टॉपवर बसून काढलेला अर्धा माणूस या हिशेबात चित्रच नसतो, मग तो काढायचा कशाला?

स्मरणचित्राने आणखी एक खोड लावली. 'आठवडे बाजार' किंवा 'रेल्वे स्टेशन' असा विषय आला, की डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई, हातात पिशवी घेतलेला टोपीवाला, बोट धरून चालणारं पोर ही मंडळी हजर. ती बाजारात पाहिलेली नसतात, फळ्यावर पाहून पाठ केलेली असतात. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळ आणि आभाळात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी हे तर आपलं राष्ट्रीय निसर्गचित्र. वऱ्हाडातल्या मुलाच्या चित्रातही नारळ असतोच. खरं तर स्मरणातून काढणं ही मोठी शिस्त आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने तिची पद्धतच बसवली होती. त्याचे विद्यार्थी एखादी वस्तू निरखून निरखून मनात मुरवायचे आणि मग ती समोर नसताना काढायचे. शिल्पकार रोदँ त्याच्याच हाताखालून गेला. आपल्याकडे या शिस्तीतला निरखण्याचा अर्धा भाग गळला आणि आठवण्याचा तेवढा राहिला.

रोज रेघ ओढण्याची सवय मात्र आपल्या घरांना मुळीच परकी नाही. दारात सडा टाकून, गेरूचा चौकोन सारवून, चिमटीतून शिरगोळ्याची पूड सोडत बाईने काढलेली रांगोळी ही रोजच्या रेखाटनाशिवाय दुसरी काय होती? पाणी तापेपर्यंतचा वेळ तिला मिळायचा. कालच्यापेक्षा आजची फसली म्हणून तिने उद्या हात आखडला नाही, आणि शेजारणीची जास्त चांगली म्हणून दार कोरं ठेवलं नाही. दुपारपर्यंत कुणाच्या तरी पायाने ती पुसली जायची, त्याचंही तिला फार वाटत नसे. रविवारी आम्ही काहीजण वह्या घेऊन कुठेतरी बसतो, त्यात नव्याने येणाऱ्यांपैकी कुणाचा हात लवकर मोकळा होतो हे मी पाहत आलो आहे. रांगोळीचा हात असलेल्या बायका पहिल्याच दिवशी लांब रेघ न थांबता ओढतात. ठिपक्यांशिवाय मुक्तहस्त काढणाऱ्या तर आम्हाला लाजवतात. त्यांना फक्त एवढं पटवावं लागतं, की त्यांना हे आधीच येतं.

पोटापाण्याचं काम सांभाळून वही चालवणाऱ्यांची आपल्याकडे मोठी रांग आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून येऊन १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. म्हणजे वर्ग, तपासण्या, वरिष्ठांची मर्जी हे नोकरदाराचं सगळं प्रारब्ध त्यांच्याही वाट्याला होतं. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे'मधली किंवा ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया'मधली त्यांची चित्रं पाहा. बाई कुठल्या समाजाची, हे तिच्या नेसण्याच्या ढबीवरून, पदर कुठून कुठे गेलाय त्यावरून कळतं. घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी जाताना या माणसाचे डोळे रिकामे नसणार.

जे. जे.ची मुलं आजही बोर्ड घेऊन समोरच्या क्रॉफर्ड मार्केटात आणि सीएसएमटीला बसलेली दिसतात. त्यांना ठरावीक स्केचेस द्यावीच लागतात. त्यातली बरीचशी सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कॉटवर बसून पाडलेली असतात हे उघड गुपित आहे, आणि सक्तीने सवय लागत नाही याचा तो चांगला पुरावाही आहे.

वसंत सरवटे मला या बाबतीत जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांची नोकरी चित्रकलेची नव्हतीच. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सिमेंट कंपनीत. ती करत असतानाच व्यंगचित्रं, 'ललित'ची मुखपृष्ठं, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली रेखाटनं, शिवाय रेषेबद्दल विचार करणारी पुस्तकं. त्यांची माणसं नीट पाहिली तर कळतं, की ऑफिसात खुर्चीत सरकून बसणारा, छत्री काखेत मारून घड्याळाकडे बघणारा मध्यमवर्गीय त्यांनी बाहेरून पाहिलेला नाही. ते रोज त्याच्या शेजारी बसत होते. नोकरीमुळे त्यांची चित्रकला मागे राहिली असं कुणी म्हणालं, तर मी म्हणेन की त्यांचा मालमसाला तिथूनच येत होता. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं करण्याची नोकरी करत होते आणि रोजनिशीत लिहीत-रेखाटत होते. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचलेल्यांना या नोंदींची जात लगेच ओळखू येईल. त्यांच्याकडे घड्याळ, चावी, पान, कात्री अशा घरातल्याच वस्तू चित्रांत येऊन बसतात.

आणि मारिओ मिरांडा. गोव्यातल्या लोटलीच्या घरात लहानपणी हा मुलगा भिंतींवर चित्रं काढायचा. आईने त्याला मारण्याऐवजी कोरी वही आणून दिली. मला वाटतं, भारतीय व्यंगचित्रकलेच्या इतिहासातला सर्वांत स्वस्तात झालेला फायद्याचा सौदा तो हाच. त्या वहीला तो डायरी म्हणू लागला आणि ती सवय तरुणपणापर्यंत टिकली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्याच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, मुंबईत इतिहास घेऊन बी. ए. केलेलं. डायरीत काय, तर आज कोण भेटलं, कुठल्या लग्नाला गेलो, पाद्री काय म्हणाला, बसमध्ये कोण कसं बसलं होतं. मोठ्या घटना जवळजवळ नाहीत. ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवसाचंही चित्र आहे, हे त्या डायऱ्यांचं खरं वैशिष्ट्य. पुढे त्याच्या चित्रांत एकाच रस्त्यावर पन्नास माणसं गर्दी करतात आणि प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. ती नाकं कुठून आली याचं उत्तर या वह्यांत आहे. वही सुरू करणाऱ्याने धुरंधर पाहून खचून जाण्यापेक्षा मारिओची डायरी उघडावी.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. बर्लिनचा आडोल्फ मेन्झेल हा मोठा मानमरातब मिळालेला चित्रकार, राजेरजवाडे रंगवणारा. त्याच्या ओव्हरकोटाला वह्यांसाठी मुद्दाम खिसे शिवून घेतलेले असत आणि दिसेल ते तो काढायचा. १८४५ च्या सुमारास त्याने काढलेलं एक रेखाटन आहे: न आवरलेला बिछाना. चुरगळलेली उशी, लोळागोळा झालेलं पांघरूण, बस. सकाळी उठल्यावर आपल्या प्रत्येकाच्या मागे हा विषय पडलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. समजा, तुम्ही मंडईच्या तोंडाशी कुणाची तरी वाट बघत उभे आहात आणि समोर भाजीवाली बसली आहे. "ती हलते, मग काढणार कशी?" ही पहिली अडचण. ती हलते हे खरं, पण तेच ते हलते. पाच मिनिटं नुसतं बघा. वाकून टोमॅटो उचलते, तागडीत टाकते, तागडी उचलून डोळ्यांसमोर धरते, गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतते, पैसे मांडीखालच्या गोणपाटाखाली सारते. पानावर पाच जागा करा. ती वाकली की पहिल्या जागी दोनच रेघा: पाठीची कमान आणि पुढे गेलेल्या दंडाची दिशा. तागडी वर गेली की दुसऱ्या जागी उचललेला हात आणि मागे कललेली मान. तेवढ्यात तिने हात खाली घेतला, तर हळहळायचं नाही. तिसऱ्या जागेवर जायचं. पुढचं गिऱ्हाईक आलं की पहिली अवस्था परत येते आणि आपण कमानीला पदराची दुमड, कोपराचं टोक, पायाचा अंगठा जोडतो. तीन-चार गिऱ्हाइकं होईपर्यंत पानावर एकाच बाईच्या पाच आकृत्या उभ्या राहतात. त्यातल्या दोन मातीत जातात, दोन बऱ्या असतात आणि एकीत ती बाई चक्क ओळखू येते. चेहरा काढलेलाच नसतो, तरीही.

इस्त्रीवाला, पोळ्या लाटणारी मावशी, पंक्चर काढणारा, तबलजी, वडे सोडणारा, सगळ्यांना हेच लागू. हात बसलेला माणूस फालतू हालचाल करत नाही, त्यामुळे तो मॉडेलपेक्षा बरा. जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे.मध्ये शिकवत होता त्या काळात, १८७० च्या आसपास, त्याने कारागिरांची अशीच रेखाटनं केली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. त्यातही माणूस आणि त्याचं अवजार यांच्यामधला कोन आधी येतो, नाकडोळे मागून. लोकलमध्ये डुलकी लागलेला माणूस तर नवशिक्यासाठी देवाने धाडलेला. खांद्याचा उतार, मग छातीवर पडलेली हनुवटी, मग मांडीवरच्या बॅगेला धरलेली बोटं, या क्रमाने जा. त्याचं स्टेशन आलं की चित्र संपलं. सही करायची घाई नाही.

घरातच बसायचं असेल तर ओट्याकडे तोंड करा. स्टीलची भांडी काढायला वाटतात तितकी सोपी नाहीत, आणि इथे एकदा गोम कळली की पुढची वर्षं कामी येते. उभं राहून कुकर बघा. झाकणाची कड लांबट गोल दिसते. तळाची कमान त्याहून जास्त फुगलेली असते, कारण तळ डोळ्यांपासून आणखी खाली आहे. आता गुडघे वाकवून डोळे झाकणाच्या पातळीला आणा: गोल मिटतो आणि आडवी रेघ उरते. मांडणीवर, डोळ्यांच्या वर असलेल्या डब्यांची कड उलट्या बाजूला वाकते. बहुतेक सगळे काय करतात, तर वरची कड छान गोल काढतात आणि तळ पट्टीने मारल्यासारखा सरळ कापतात. का? तर भांडं ओट्यावर सपाट बसतं हे त्यांना माहीत असतं. माहिती डोळ्यांच्या आड येते ती अशी. तिसरी शिट्टी होईपर्यंत एका कुकरचा तळ जरी नीट वळला, तरी त्या दिवसाचं काम झालं.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण सामानाच्या गप्पांत रमणारे लोक सहसा काढत नाहीत. वही शर्टाच्या किंवा पर्सच्या खिशात मावली पाहिजे. ए-सिक्स हे माप, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, त्याला बरोबर. मोठी वही घरी राहते. कागद नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाहून, म्हणजे ७०-८० जीएसएमहून, थोडा जाड असावा; रंग लावणार नसाल तर १२० ते १५० पुष्कळ झाला. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद सुंदर असतो, पण सुरुवातीलाच तो घेतला तर वाया जाईल या भीतीने हात उचलत नाही, हेही सांगून ठेवतो. कागद स्वस्त हवा, म्हणजे वाया घालवता येतो. हत्यार म्हणून बॉलपेन. पेन्सिल हवी असेल तर दोन-बीपासून पुढची. शिसपेन्सिलीत ग्राफाइटमध्ये माती जितकी कमी तितकी ती मऊ आणि काळी, ही युक्ती कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली आणि अजून तीच चालू आहे. मात्र पेन्सिल घेतलीत तर खोडरबर घरी ठेवा. खोडण्यात जो वेळ जातो तो काढण्यातला असतो. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ ओढा, दोन्ही राहू द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कागद सादळतो आणि शाईच्या पेनची रेघ फुटते, तेव्हा चार महिने बॉलपेनच खरं.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं आपण सगळीकडे ऐकतो. त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला आणि २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. जेवणानंतर पाणी पिणं, फळ खाणं, न्याहारीनंतर चालायला जाणं अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला त्यात सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, त्यात प्रत्येकाने नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधली होती. म्हणून "रोज एक स्केच" असा संकल्प सोडू नका. "चहा उकळत असताना" किंवा "दादर गेल्यावर बसायला मिळालं की" असं ठरवा. दुसरी, मधला एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही. आपल्याकडे व्रताची कल्पना खोल रुजलेली आहे. एक वार मोडला की व्रत मोडलं, उद्यापनच करून टाकू, असं मन म्हणतं. एक जानेवारीला सुरू झालेल्या कितीतरी वह्या संक्रांतीच्या आत अशाच बंद पडतात. लेकीचं लग्न, सासऱ्यांचं ऑपरेशन, मार्चएंड या काळात वही महिना महिना उघडली जात नाही. मग पुढच्या पानावर त्या दिवसाची तारीख घालून सुरू करायचं. मधली पानं कोरी सोडू नका, त्यांची लाज वाटत राहते.

बाहेर काढायला बसलं की लोक वाकून बघणार. आपल्या देशात त्याला इलाज नाही, आणि मला तर तो त्रासही वाटत नाही. लहान मुलं सर्वांत चांगले परीक्षक: "काका, याला तीन हात झालेत." म्हातारे शेजारी बसून त्या इमारतीचा इतिहास सांगतात. स्टेशनवर किंवा सरकारी आवारात एखादा सुरक्षारक्षक येऊन काय चाललंय विचारतो. त्याला वही उघडून दाखवावी, जमल्यास त्यालाच काढावं. कुणी नको म्हटलं तर मात्र हुज्जत न घालता वही मिटायची. दवाखान्यात, स्मशानात, देवळाच्या रांगेत रडणाऱ्या माणसावर डोळा रोखून बसायचं नाही. एवढं तारतम्य हातात पेन येण्याआधीचं आहे.

मोबाइलवर टाकण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. गॅब्रिएल कंपानारिओ या सिएटलच्या पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये जागेवर बसून शहर रेखाटणाऱ्यांना एकत्र आणलं, त्यातून 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ जगभर पसरली. मुंबई-पुण्यातही अशी मंडळी जमतात. त्यांनी अनेकांच्या हातात वही दिली, सोबत दिली, हे उपकारच. पण पहिल्या वर्षी टाकण्यासाठी काढू लागलं की महिन्याभरात विषय बदलतात. कुकर जातो आणि गेटवे ऑफ इंडिया येतो. फसलेलं पान फाडलं जातं. लाइक कमी आले की वही रुसते. पहिली वही कुणाला दाखवू नये असं माझं म्हणणं आहे. घरच्यांना तर नाहीच, कारण ते एकतर नको तेवढं कौतुक करतात किंवा "हे कोण, शेजारचे जोशी?" असं विचारतात आणि ते आपले वडील असतात.

आणखी एका कारणासाठी मला ही सवय आत्ता, याच काळात हवी वाटते. आपण राहतो ती शहरं डोळ्यांदेखत पाडली आणि बांधली जात आहेत. पुण्यातल्या पेठांतले वाडे गेले, गिरगावातल्या चाळी जात आहेत, १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येताहेत. राहणाऱ्यांना चांगली घरं मिळताहेत, त्यावर बाहेरच्याने उसासे टाकू नयेत. पण गॅलरीच्या कठड्याला कुठली कुंडी कशाने बांधली होती, जिन्याच्या तिसऱ्या पायरीची कड कशी झिजली होती, दोरीवर कपड्यांचा क्रम काय असायचा, हे तिथेच राहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतं. तो फोटो काढतो तेव्हा ते त्यात येतं, पण त्याने ते पाहिलेलं असेलच असं नाही. पायरीची झीज काढायला बसलं तर ती कुठल्या बाजूला जास्त आहे, हे बघावंच लागतं. बहुधा ती कठड्याच्या बाजूला जास्त असते, कारण उतरताना लोक कठडा धरतात.

राहता राहिला भरलेल्या वह्यांचा प्रश्न. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि जागा लिहा, कारण दोन वर्षांनी हा कुठला स्टँड ते आठवत नाही. पान फाडू नका, वाईट पान तर मुळीच नाही. पावसाळ्याआधी वह्यांना ऊन दाखवा. कसर आणि वाळवी चित्राचा दर्जा बघत नाहीत. डांबरगोळ्या ठेवा. इंग्लंडचा टर्नर १८५१ मध्ये वारला तेव्हा त्याच्या घरात सुमारे तीनशे स्केचबुकं निघाली. मृत्युपत्रावरून नातेवाईक कोर्टात गेले, पाच वर्षं खटला चालला, शेवटी पैसा नातेवाइकांकडे गेला आणि चित्रं-वह्या देशाच्या मालकीच्या झाल्या. आज त्या टेट संग्रहालयात नीट जपलेल्या आहेत. तुमच्या वह्यांवरून कुणी कोर्टात जाण्याची शक्यता कमी. त्यांना धोका आहे तो दिवाळीच्या साफसफाईचा. म्हणून प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने, घरातल्या सर्वांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत लिहून ठेवा: रद्दीत देऊ नये.